संगमेश्वरापर्यंत डॉक्टर कधी पोहोचणार?

संगमेश्वर हे नाव उच्चारले की मराठी मनात एक जुनी कळ उठते. १ फेब्रुवारी १६८९ रोजी याच कसब्यात छत्रपती संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडले. कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री उतरून मुकर्रबखान अचानक चालून आला, महाराजांसोबतची शिबंदी थोडी होती आणि स्वराज्याची फौज दूर होती. मदत वेळेवर पोहोचली नाही, हे त्या दिवसाचे शल्य सव्वातीनशे वर्षांनंतरही पुसलेले नाही. महाराजांचे भव्य स्मारक संगमेश्वरी उभारण्याची घोषणा राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, तेव्हा महाराष्ट्राने समाधान व्यक्त केले. ते यथोचितच आहे. तथापि ज्या भूमीला वेळेवर न पोहोचलेल्या मदतीची जखम आहे, त्या भूमीवरील आजच्या माणसाला संकटाच्या घटकेला मदत वेळेवर मिळते काय, हा प्रश्नही त्या स्मारकाइतकाच महत्त्वाचा आहे. हा प्रश्न आरोग्यसेवेचा आहे आणि त्याचे मूळ वैद्यकीय शिक्षणात आहे.

संगमेश्वर तालुका नकाशावर रत्नागिरी जिल्ह्याच्या मध्यभागी दिसतो. शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा संगम, एका बाजूस खाडीकाठची गावे, दुसऱ्या बाजूस मार्लेश्वराच्या डोंगररांगा, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे. तालुक्याचा कारभार देवरुखहून चालतो आणि वस्ती मात्र डोंगरउतारांवरच्या वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. अशा वाडीवरील एखाद्या सुनेची प्रसूती अवघड झाली, शेतात राबणाऱ्या माणसाला घोणस डसली किंवा महामार्गावर रात्री अपघात झाला, की एक ठरलेली वाट सुरू होते. आधी वाडीपासून रस्त्यापर्यंत, मग प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय, तेथून रत्नागिरी आणि तेथेही भागले नाही तर घाट चढून शंभराहून अधिक किलोमीटरवरचे कोल्हापूर. आषाढातल्या पावसात, दरड कोसळलेली असताना, या वाटेवरचा एकेक तास जिवाच्या मोलाचा असतो. २२ जुलै २०२१ रोजी शेजारचे चिपळूण महापुरात बुडाले, तेव्हा मोठ्या शहरातील रुग्णालयांवर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे कोकणाने अनुभवले. त्याच्या आदल्या वर्षी कोरोनाची साथ सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील संशयितांचे नमुने तपासणीसाठी मिरजेस पाठवावे लागत होते.

या दुरवस्थेला लोकसंख्येचे एक अंग आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटत होता. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे त्या जनगणनेतील प्रमाण काही सुबत्तेचे लक्षण नव्हे. कर्ते पुरुष मुंबईच्या चाळींत आणि उपनगरांत, गावी म्हातारे आईवडील आणि मुलेबाळे, असा त्याचा अर्थ आहे. गणपतीला आणि शिमग्याला गजबजणारे घर उरलेले वर्ष दोन वृद्धांच्या आधाराने उभे असते. गाव सोडण्याची कारणे विचारली, तर रोजगारानंतर अनेकदा एकच उत्तर येते, दुखलेखुपले तर येथे पाहणार कोण? डॉक्टर नसणे हा रुग्णापुरता प्रश्न राहत नाही. तो गाव ओस पडण्याचा प्रश्न होतो.

या पार्श्वभूमीवर गेल्या दशकात जे घडले, त्याचे स्वागत मोकळ्या मनाने केले पाहिजे. चिपळूण तालुक्यात सावर्डे गावाजवळ डेरवण येथे श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने १९९६ मध्ये उभारलेल्या वालावलकर रुग्णालयाशी जोडून २०१५ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सिंधुदुर्गात २०२१-२२ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३-२४ मध्ये प्रत्येकी १०० विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाराष्ट्रातील आणखी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले. त्यांत गडचिरोली, वाशीम, हिंगोली यांसारखे दशकानुदशके उपेक्षित राहिलेले जिल्हे होते. देशात २०१४ मध्ये ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती, ती दहा वर्षांत ७८० झाली. एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांवरून एक लाख अठरा हजारांच्या आसपास पोहोचल्या. पुढील पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागांचे लक्ष्य १५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झाले. स्वातंत्र्यानंतरच्या साडेसहा दशकांत जे साधले, त्याहून अधिक एका दशकात साधले गेले, ही वस्तुस्थिती आहे.

मात्र आकड्यांच्या आनंदात एक सत्य विसरून चालणार नाही. जागा वाढल्या म्हणजे डॉक्टर वाढतील, पण डॉक्टर वाढले म्हणजे ते संगमेश्वरास पोहोचतील, असे मुळीच नाही. आयुष पद्धतींचे चिकित्सक धरून देशात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे, असे २०२४ मध्ये संसदेत सांगितले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारी एक या निकषाहून हे प्रमाण चांगले आहे. पण ही सरासरी आहे. मुंबईच्या एका रस्त्यावर असलेले पन्नास दवाखाने आणि डोंगरातील एका वाडीवर नसलेला एकही दवाखाना मिळून सरासरी बनते. सरासरीने कोणाचा ताप उतरत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले. परप्रांतात जाणारे विद्यार्थी राज्यातच शिकतील, हा त्यामागील विचार चुकीचा नव्हता. परंतु त्या दारातून सेवाव्रतींबरोबर शिक्षणसम्राटही आत आले. देणग्यांचा बाजार इतका बोकाळला, की १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. लाखो रुपये मोजून मिळवलेली पदवी मुद्दल आणि व्याज वसूल करण्यासाठी शहराकडेच धावणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शासकीय महाविद्यालयांची कथा वेगळी असली, तरी शेवट फारसा वेगळा नव्हता. समाजाच्या पैशाने शिकलेल्या डॉक्टराने एक वर्ष ग्रामीण सेवा करावी, असे बंधपत्र लिहून घेतले जाई, पण दंडाची रक्कम भरून सुटका करून घेण्याची वाट पुष्कळ वर्षे मोकळी होती. पैसे भरून सुटता येते, ती सेवा उरत नाही, तो कर होतो. अखिल भारतीय पात्रता परीक्षेने प्रवेशातील गैरप्रकारांना मोठा आळा घातला, हे खरे. पण रत्नागिरीच्या महाविद्यालयात गुणवत्तेने येणारा विद्यार्थी राज्याच्या कोणत्याही टोकाचा असू शकतो आणि पदवी हाती पडताच तो परत जाणे स्वाभाविक आहे. कोकणाने इमारत द्यायची, रुग्ण द्यायचे, आणि डॉक्टर मात्र दुसऱ्यांनी न्यायचा, असे होणार असेल, तर शिक्षणाचा हा विस्तार कोकणाच्या दृष्टीने अपुराच ठरेल.

यावर उपाय कोणता? डॉक्टर जेथे शिकतो, तेथील माणसाशी त्याचे नाते जुळावे, अशी शिक्षणाची रचना करणे, हाच तो उपाय. नव्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणकाळात त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा नियम झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करणे अनिवार्य झाले. प्रत्येक महाविद्यालयाला ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असावेच लागते. नियम उत्तम आहेत. ते कागदावर राहतात की जमिनीवर उतरतात, हे स्थानिक समाज किती जागा आहे, यावर ठरते.

संगमेश्वराची भौगोलिक स्थिती येथे वरदान ठरू शकते. दक्षिणेस रत्नागिरीचे शासकीय महाविद्यालय आणि उत्तरेस डेरवणचे सेवाभावी महाविद्यालय, या दोहोंच्या मधोमध हा तालुका आहे. दोन्ही संस्था नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ, शासकीय महाविद्यालय, सेवाभावी संस्था आणि स्थानिक समाज या चौघांच्या भागीदारीतून संगमेश्वर-देवरुख परिसरात एक शिक्षण परिसर उभा राहणे अशक्य नाही. त्यासाठी नवी भव्य इमारत नको. तालुक्यातील विद्यमान शासकीय रुग्णालय सक्षम करावे, तेथे प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांची पूर्ण वेळ उपस्थिती राहील अशी अध्यापकांची पाळी लावावी, आंतरवासी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चांगले वसतिगृह बांधावे, परिचर्या आणि निमवैद्यकीय अभ्यासक्रम तेथेच चालवावेत. शिकवणारे अध्यापक आणि शिकणारे विद्यार्थी सदैव हजर असले, की रुग्णसेवा आपोआप अखंड होते. मोठ्या शहरांतील शासकीय रुग्णालये मध्यरात्रीही जागी असतात, ती त्यांच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांमुळेच. तीच जाग तालुक्यापर्यंत आणायची आहे. रत्नागिरी महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२८ च्या सुमारास आंतरवासितेत पाऊल टाकील. त्या दिवसापर्यंत हा परिसर सिद्ध असावा, असे उद्दिष्ट ठेवण्यास हरकत कोणती?

हे स्वप्नरंजन आहे, असे ज्यांना वाटेल, त्यांनी देवरुखचाच इतिहास पाहावा. १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी तेथे दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले आणि त्यातून ‘मातृमंदिर’ ही संस्था उभी राहिली. हळबेमावशींचे नाते समाजवादी परिवाराशी होते. पण बाळंतिणीच्या वेदनेला विचारसरणी नसते आणि सेवेचे मोल करताना प्रवाह पाहायचा नसतो. तेव्हा रस्ते नव्हते, कोकण रेल्वेही नव्हती. एका स्त्रीच्या निश्चयाने जे झाले, ते विद्यापीठ आणि शासन पाठीशी असताना होणार नाही, असे म्हणणे हा पराभूत मनोवृत्तीचा भाग आहे.

कोकणातील दुसरे उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्यातून आले आणि १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती आणि पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. रुग्णाच्या उशाशी रात्ररात्र बसून, नोंदी ठेवून त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकाने त्यांचे संशोधन छापले, विंचूदंशाने होणारे मृत्यू नगण्य झाले आणि २०२२ मध्ये राष्ट्राने त्यांना पद्मश्रीने गौरविले. खेड्यात गेलेला डॉक्टर वाया जातो, हा समज त्यांनी खोटा ठरविला. डेरवणच्या संस्थेने कोकणातील किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा आणि आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, तोही याच जातीचा. जी दुखणी कोकणची, त्यांची उत्तरे कोकणातच शोधली पाहिजेत. घोणस, फुरसे, लेप्टोस्पायरोसिस आणि मुलींमधील रक्तक्षय यांचा अभ्यास मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसून होणार नाही.

संघविचाराच्या कार्यकर्त्यांना तर ही वाट अनोळखी नाही. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्याचा मोह सोडून लातुरास गेले आणि विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. २०१९ चे पद्मभूषण हा त्या अर्धशतकाच्या साधनेचा गौरव होता. १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन आजच्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९६९ पासून विद्यार्थ्याला आरंभीच आश्रमात राहण्याचा आणि गावात शिबिरासाठी जाण्याचा संस्कार दिला. या सर्व प्रयत्नांचे मार्ग वेगवेगळे आहेत, पण अनुभव एकच सांगतो, की डॉक्टर गावात टिकतो तो सक्तीने नव्हे, संस्काराने आणि सहकाऱ्यांच्या सोबतीने. एकट्या डॉक्टराला खेड्यात पाठवणे म्हणजे त्याला वनवास देणे. पाच जणांचा गट पाठवला, तर तेथे संस्था उभी राहते.

आक्षेप घेतले जातील आणि त्यांतील काही गंभीर आहेत. महाविद्यालये भराभर उघडली, तर अध्यापक कोठून आणणार? तपासणीच्या दिवशी उसने अध्यापक आणि खोटे रुग्ण उभे करण्याचे प्रकार देशाने पाहिले आहेत. महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ मध्ये गुन्हा नोंदविला, तेव्हा या रोगाची खोली दिसून आली. अर्धवट शिकलेला डॉक्टर हा डॉक्टर नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, याविषयी दुमत नाही. म्हणूनच विस्ताराचा अर्थ नव्या फलकांची संख्या असा न घेता, असलेल्या महाविद्यालयांचे हात तालुक्यापर्यंत लांबविणे, असा घेतला पाहिजे. अध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात, ग्रामीण परिसरात शिकविणाऱ्यांना पदोन्नतीत प्राधान्य द्यावे, आणि स्थानिक अनुभवी खासगी डॉक्टरांना मानद अध्यापक म्हणून सामावून घ्यावे. यातील एकही गोष्ट अव्यवहार्य नाही. इच्छाशक्ती मात्र हवी.

भाषेचा मुद्दाही येथे अटळ आहे. संगमेश्वरी बोलीत आपले दुखणे सांगणारी म्हातारी आणि इंग्रजीतून रोग शिकलेला तरुण, यांच्यामध्ये जो दुभाषा उभा राहतो, तो पुष्कळदा आजारच वाढवतो. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदीतून वैद्यकीय पुस्तके काढण्याचे धाडस केले. त्याची टिंगल करणाऱ्यांनी जपानी आणि जर्मन डॉक्टर कोणत्या भाषेत शिकतात, हे पाहावे. महाराष्ट्राने निदान रुग्णसंवाद, समाजारोग्य आणि परिचर्या यांचे शिक्षण उत्तम मराठीतून देण्यास आरंभ करावा.

पण सर्व जबाबदारी शासनावर टाकून मोकळे होणे, ही परावलंबी समाजाची सवय झाली. समाजानेही स्वतःला काही प्रश्न विचारावेत. डॉक्टर गावात आला, तर त्याला घर मिळते का? त्याच्या मुलांच्या शाळेची कोणी काळजी करते का? रुग्ण दगावला, की काचा फोडणारे हात त्याच समाजाचे असतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याला २०१० मध्ये कायदा करावा लागला, ही भूषणावह गोष्ट नव्हे. मुंबईतील कोकणवासीयांची ग्राममंडळे गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी लाखोंचा निधी उभा करतात, आणि ते पुण्यकर्मच आहे. त्याच श्रद्धेने एकेका मंडळाने गावातील एका हुशार मुलीच्या वा मुलाच्या वैद्यकीय शिक्षणाचा भार उचलला आणि शिक्षणानंतर काही वर्षे तालुक्यात सेवा करण्याचे वचन घेतले, तर दहा वर्षांत चित्र पालटेल. ग्रामदेवतेपुढे दिलेला शब्द मुद्रांकित बंधपत्राहून अधिक बळकट असतो, हे कोकणच्या माणसाला समजावून सांगायला नको.

डॉ. केशव बळिराम हेडगेवार कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकले. परकीय सत्तेच्या छायेबाहेर स्वदेशी वैद्यकीय शिक्षण उभे करण्याच्या राष्ट्रीय प्रयत्नातून ते महाविद्यालय जन्मले होते. पदवी घेऊन ते नागपुरास परतले, पण दवाखाना थाटला नाही. त्यांनी राष्ट्राच्याच दुखण्याचे निदान केले आणि त्यावर आयुष्य वेचले. प्रत्येक डॉक्टराने दवाखाना सोडावा, असा याचा अर्थ नाही. वैद्यकीय शिक्षण हे आपल्या परंपरेत उपजीविकेच्या आधी व्रत होते, हा त्याचा अर्थ आहे. २०२२ मध्ये महर्षी चरकांच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या शपथेवरून वाद माजविला गेला. शपथ कोणत्या ऋषीच्या नावाने घ्यावी, यावर चर्चा जरूर व्हावी, पण ती पाळली कोठे जाणार, हे संगमेश्वरासारख्या तालुक्यातच ठरणार आहे.

कसब्यात महाराजांचे स्मारक उभे राहील. देशभरातून लोक येतील आणि नतमस्तक होतील. त्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर अपरात्री एखाद्या आईच्या प्रसूतीसाठी तज्ज्ञ डॉक्टर जागा असेल, विषाचे इंजेक्शन शीतपेटीत तयार असेल आणि शिकणारा विद्यार्थी रुग्णाचा हात धरून बसलेला असेल, तर तीही त्या धर्मवीराला वाहिलेली आदरांजली ठरेल. एकदा या भूमीवर मदत पोहोचण्यास उशीर झाला. आता तो होऊ न देणे शासन, विद्यापीठ आणि समाज या तिघांच्याही हाती आहे.